चिमणीच्या दाराचं बटण

केनवडच्या बालवाडीत भागिरथाबाई शिकवायची आणि मी सुकडी वाटायची. जुन्या लुगड्यांची पानं शिवून ती पोरांसाठी गोष्टींची पुस्तकं करी. शहात्तर साली तिनं चिमणी-कावळ्याची गोष्ट शिवली. चिमणीच्या घराला उघडणारं दार, दाराला सदऱ्याचं बटण, आणि बाहेर पावसात काळ्या चिंधीचा सुटा कावळा.

ती गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ. कावळा दार ठोठावतो. चिमणी म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. शेवटी आत घेते ती त्याला तापल्या तव्यावर बसवायला. आणि आपण हसतो! भागिरथाला हसू येत नसे. तिची आई विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन असंच 'थांब' ऐकत उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. बौद्ध झाल्यावर तिनं ते उभं राहणं सोडलं.

पुस्तक पोरांच्या हाती गेलं आणि गोष्ट पहिल्याच पानावर संपली. चिमणी 'थांब' म्हणायच्या आत चिमुरड्या गंगूनं बटण काढून कावळ्याला आत कोंबलं. मग रोज तेच.

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या तपासणीस बाईंना हे खपलं नाही. "गोष्ट आहे तशीच सांगायची. कावळ्याला अद्दल घडली नाही तर मुलं शिकणार काय?"

"भिजलेल्याले तव्यावर बसवाचं, हे शिकवू?" भागिरथा म्हणाली.

"नोकरी टिकवायची आहे ना?" असं म्हणत बाईंनी सुईदोरा मागवला आणि स्वतःच्या हातानं ते दार चारी बाजूंनी शिवून टाकलं. अजून आठवलं की माझं डोकं तडकतं. एवढी शिकलेली बाई, आणि लेकरांच्या चिंधीच्या दारावर ही मेहनत!

मग बालवाडी बघायला पाहुणे आले, तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढं पुस्तक गंगूला दिलं. तिनं बटण काढलं. दार हलेना. नखांनी टाके ओरबाडून ती भागिरथाकडं बघत रडकुंडीला आली. "बाई, कावळा भिजून राह्यला नं!"

भागिरथानं कात्री घेतली. टाके उसवले नाहीत; अख्खं दारच कापलं आणि तपासणीस बाईंच्या हातात ठेवलं.

"घ्या. हे तुमच्या घराले लावा."

नोकरी त्याच दिवशी गेली. भागिरथा पुढं लोकांच्या शेतात निंदत राहिली. तपासणीस बाईंना बढती मिळाली, तिचे पेढे बालवाडीत आले. माझ्या वाटचा पेढा मी अंगणात कावळ्यांना टाकला.