आईच्या आवाजाची पहिली कॅसेट

तुमच्या घरातल्या माणसाचा आवाज टेप केलेला असेल, तर ती पहिली कॅसेट आज कुणाकडे आहे?

आमच्याकडे नाही. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. हाती आलेलं पत्रक उतरवून घ्यायचं आणि पुढे द्यायचं, ही आमच्या वस्तीची रीत. आईनं बुद्धविहारात म्हटलेली गाणी टेप केली, तेव्हा मी तेच केलं. घरी एक नक्कल ठेवून मूळ कॅसेट पहिल्या मागणाऱ्याला दिली. मग घरची नक्कलही दिली आणि नकलेची नक्कल ठेवली.

आई गेल्यावर थोरला भाऊ टॅक्सीत तीच लावून काटोलला जायचा. शब्द कळायचे नाहीत. त्यानं टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, दोनदा स्पीकर बदलले. तिसऱ्यांदा तो मिस्त्रीकडे निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. मिस्त्रीनं आमच्या टेपमध्ये डिजिटल डिस्कवरून भरलेली कॅसेट लावली. सतारीची तार न् तार वेगळी ऐकू आली. मिस्त्री भावाला म्हणाला,

"काहून स्पीकर बदलून राहिला गा? तुही कॅसेटच नकलेची नक्कल आहे. पहिली आण."

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिली यानं वाटली. पत्रक समजला हा आईले."

पत्रक दहादा उतरवलं तरी शब्द तेच राहतात. आवाज दर नकलेत झिजतो.

निळ्या शाईनं 'आई, विहार' लिहिलेली कॅसेट तुमच्याकडे असेल, तर ती तुमचीच. फक्त एक दुपार आमच्या टॅक्सीत वाजवायला आणा.