लाल चिंधीतला डाव

आर्वीच्या एसटी डेपोजवळच्या कापडदुकानात मी पहिल्यांदा गेले ती फ्रॉकचं कापड घ्यायला, आणि बाहेर पडले ती व्हिडिओ गेमचं वेड घेऊन. नव्वदच्या दशकाची अखेर होती. दुकानाच्या मालकीणबाई, आदरणीय प्रभाकाकू, यांनी बाजूच्या खोलीत टीव्ही आणि गेमचं यंत्र मांडलं होतं. दुपारी दोन ते चार फक्त मुलींनी खेळायचं, हा त्यांचा नियम. आमचे बाबा जाब विचारायला गेले, तर काकूंनी त्यांना चहा पाजला आणि हातात कंट्रोलर दिला. बाबांनी पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली. घरी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

काकूंची शिस्त कापडवाल्यांची. प्रत्येकीचा अर्धवट डाव साठवलेलं मेमरी कार्ड त्या चिंधीत बांधून, वर नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात ठेवत. माझं आणि सुनंदाताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, एकच कार्ड होतं, लाल चिंधीतलं. किल्ल्याच्या खेळात आम्ही शेवटच्या दरवाजाशी पोचलो आणि ताईचं लग्न ठरलं. एकमेकींशिवाय तो दरवाजा उघडायचा नाही, असं ठरवून ती नाचणगावला सासरी गेली.

दोनेक वर्षांनी ते यंत्र कायमचं बंद पडलं. नागपूरचे विक्रेते नव्या यंत्राचे नवे खेळ दाखवू लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "ते राहू द्या भाऊ. पह्यले माह्या पोरीइची जुनी सीडी लावून दाखवा. चालली तरच घेतो." सीडी चालली आणि यंत्र आलं.

त्या दिवाळीत ताई दीड दिवसासाठी माहेरी आली. फार कमी बोलत होती, मला ते बघवेना. मी तिला ओढतच काकूंकडे नेलं. जुना खेळ सुरू झाला, पण आमचा डाव त्यात नव्हताच. ताई उठली. "जाऊ दे. आपलं सगळंच मांगं राह्यलं."

काकूंनी तिचं बाळ मांडीवर घेतलं. "बस व माय. काऊन पळून राह्यली? हे कार्ड नवं हाये, याले तुमचं काय मालूम?" त्यांनी नवं कार्ड काढलं, लाल चिंधी सोडली आणि जुनं कार्ड नव्या यंत्रात बसवलं. आमचा दरवाजा जिथल्या तिथे उभा होता. ताई अशी ओरडली की साड्या बघणारी गिऱ्हाइकं आत डोकावली. मला तर रडूच आलं.

दरवाजा मात्र उघडला नाही, आम्ही चारदा हरलो. काकूंनी चिंधी बांधत ताईला सांगितलं, "उरलं ते पुढच्या दिवाळीले. येजो." तेव्हापासून ताईची एकही दिवाळी चुकलेली नाही.

आज काकू साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. आणि आता एक कबुली देते. तो दरवाजा कसा उघडायचा, हे आम्हा दोघींना केव्हाच कळलं आहे. तरी दर दिवाळीला आम्ही तिथे जाऊन हरतो आणि कार्ड काकूंच्या हाती देतो. त्यांनी शंभरी गाठावी, मग बघू उघडायचं का ते.