टाकीच्या इतिहासातली पहिली ओळ

“चपला खाली काढा जी, मंग वर चढा.”

वैनगंगेच्या काठावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीशी कोणीही आलं, की काका आधी हेच म्हणत. मोठे साहेब असोत की टाकीला चुना मारणारा रंगारी, सूट कोणालाच नव्हती.

काका आमच्या भंडाऱ्यातल्या पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन, मी तिथलाच कारकून. बारा वर्षं आम्ही सोबत डबा खाल्ला. शाळेची मुलं टाकी पाहायला आली, की काकांची कळी खुले. नदीचं पाणी पहिल्यांदा वर कसं चढलं, पहिला नळ सुटला तेव्हा बायकांनी तोटीला हळदकुंकू कसं लावलं, पुरात खांब बुडाले तरी टाकी कशी हलली नाही, सगळं रंगवून सांगत. एखादी मुलगी विचारी, “तुमी पाह्यलं का?”

“मंग! टाकीच्या आधीपासून आहो मी इथं.”

आम्ही हसायचो.

यंदा टाकी धोकादायक ठरली. पाडण्याआधी तिचा इतिहास लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. काकांकडून ऐकलेलं सगळं मी दोन पानांत उतरवलं आणि पाडायच्या दिवशी सकाळी त्यांना वाचून दाखवलं.

“चांगलं लिवलं, बाबू. एकच राह्यलं.”

“काय?”

“माय.”

मला कळेना. त्यांनी नदीकडच्या खांबाकडे बोट केलं.

“आमच्या कोंढा गावाहून टाकीच्या कामाले आली होती. घमेलं घेऊन चढून राहिली होती, बांबू तुटला. तिथंच पडली, उठलीच नाही. मी पाच वरसाचा. रेतीत खेळत होतो.”

त्या खांबाला टेकवून मी रोज गाडी लावत होतो. आताही तिथंच उभी होती.

“काका, इतकी वर्षं काहून नाही सांगितलं?”

“लोकं पाणी पेत होते ना, बाबू. कसं सांगू?”

मी तिचं नाव विचारलं. त्यांनी अगदी हळू सांगितलं. तेवढ्यात शिटी वाजली. मी धावत जाऊन गाडी काढली आणि पोलिसांनी आम्हा सगळ्यांना दोरीमागे सारलं.

टाकी एका बाजूला कलली आणि बसली. धूळ विरली तेव्हा रस्त्यावरून थेट नदी दिसत होती. लोक मोबाईल उंच धरून ओरडत होते. मी वळलो, तर शेजारी काका नव्हते. त्यानंतर ते कार्यालयात आलेच नाहीत.

त्या दिवशी मी तिथंच दोरीपाशी खाली बसलो. गुडघ्यावर कागद ठेवला आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीच्याही वर, त्या बाईचं नाव लिहिलं.