चेन ओढली की संसार गायब

चेनवाल्या काकूंचं खरं नाव इमारतीत कुणाला धड आठवत नसे, आणि काकूंचंही त्यावाचून काही अडत नसे. पँटची चेन बिघडली, दप्तराची उसवली, जॅकेटची अर्ध्यात अडकून बसली की लोक तिसरा मजला चढून त्यांच्याकडे जात. काकू चष्म्यावरून आधी चेनीकडे बघत, मग माणसाकडे. "चेनीचा दोष नाही," त्या म्हणत. "तुम्ही वाढलात."

इमारतीला लिफ्ट नव्हती. काका बस चालवायचे तेव्हा हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग एके सकाळी दाढी करता करता त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून आणताना डेपोतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं. त्यानंतर कित्येक वर्षं काका खाली उतरले नव्हते. ज्या माणसाने अख्खं शहर डावी-उजवीकडे वळवलं, त्याला वळायला आता पलंगाच्या दोन कडा उरल्या होत्या.

म्हणून घर विकायचं होतं. मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. दार उघडलं की थेट फुटपाथ, मध्ये एक पायरीसुद्धा नाही. त्या खोल्यांची मालकीण, एक निवृत्त नर्स, काकूंसाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होती. त्यापुढे नाही.

एजंट घर बघायला आला तो रुमालाने मान पुसतच.

"काकू, राग मानू नका. पण घर फार राहतं दिसतंय."

"राहतोच आम्ही इथे."

"तेच दिसता कामा नये." त्याने बोटाने एकेक वस्तू दाखवली. औषधं, शिवणाचं मशीन, कपड्यांचे ढीग, भिंतीवरचे फोटो, पलंगाखालचे काकांचे जुने काळे बूट, आणि कोपऱ्यातली ती मधे भोक आणि खाली भांडं असलेली खुर्ची. शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि काकासुद्धा. म्हणजे गैरसमज नको. पण काका दिसले की गिऱ्हाइकाला जिना दिसतो."

दुसरी एखादी बाई रडली असती किंवा त्याला जिन्याची वाट दाखवली असती. काकूंनी ते काम म्हणून घेतलं, माप घेतल्यासारखं. चार दिवस मशीन चालू होतं. उरलेल्या कापडाच्या त्यांनी लांब पिशव्या शिवल्या आणि एकेका दारामागे टांगल्या: एक औषधांची, एक चादरी-टॉवेलांची, एक लोकांच्या कपड्यांची, एक काकांच्या वस्तूंची. प्रत्येकीला वरपासून खालपर्यंत चेन. फोन वाजला की काकू घरभर फिरत आणि चेनी ओढत जात. चेन ओढली की संसार गायब. गिऱ्हाईक गेलं की उलट फेरी. मधल्या वेळात काकांचं जेवण, अंग पुसणं, लोकांच्या पँटी, काही थांबलं नाही.

फोटो काढल्यावर भिंतीवर फिकट चौकोन उरले. फोटोंपेक्षा तेच जास्त बोलत. तिथे काकूंनी पडद्याचं कापड ताणून लावलं. आणि त्या भोकाच्या खुर्चीला त्यांनी गादी आणि जमिनीपर्यंत झालर असलेलं असं कव्हर शिवलं, की एजंटने तिच्यावर हात फिरवून विचारलं, "ही नवीन घेतलीत?"

काकांची रवानगी मागच्या लहान खोलीत झाली. दार बंद. विचारलं तर एजंट सांगे, स्टोअररूम, सामान आहे.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "मी सामान झालो."

"जड सामान," काकू म्हणाल्या. "गप्प पडा, नाहीतर चेन लावीन."

काका हसले, अर्ध्या तोंडाने. पण रात्री चादर सारखी करताना काकूंना वाटलं, ह्या माणसाला खाली न्यायला म्हणून आपण आधी त्याला पुसून टाकतोय. हा विचार त्यांनी कुठल्याच पिशवीत घातला नाही. तो घरभर तसाच राहिला.

गिऱ्हाइकं आली आणि गेली. कुणी बाल्कनी पावलांनी मोजली, कुणी नळ सोडून बघितला. "कळवतो" म्हणून कुणी कळवलं नाही. महिना उतरणीला लागला.

मग एक बापलेक आले. मुलगा चाळिशीचा, घाईतला, पण घराकडे बघून खूश झालेला. शाळा जवळ, बाजार जवळ. बाप मागून आला. दारात पोचेपर्यंत त्याचा श्वास त्याच्याआधी आत आला होता. आल्या आल्या तो पहिली दिसली त्या खुर्चीवर बसला. झालरीच्या आत भांडं हलकेच खणखणलं. एजंट मोठ्याने खोकला.

"छान खुर्ची आहे," म्हातारा धापांच्या मध्ये म्हणाला.

"घर घ्यायचं पक्कं," मुलगा म्हणाला. "फक्त बाबांना जिना..."

"सवय होते हो," एजंट म्हणाला. "काकूंना विचारा की. किती वर्षं राहतायत."

सगळे काकूंकडे बघू लागले. दोन शब्दांचं काम होतं. "होते सवय." ते खोटंही नव्हतं. त्या स्वतः दिवसातून कितीदा तरी चढ-उतार करत होत्या. नर्सबाईंच्या खोल्या, तो फुटपाथ, सगळं त्या दोन शब्दांपलीकडे उभं होतं. काकूंनी म्हाताऱ्याच्या पँटकडे पाहिलं. गुडघ्यावर कापड चुरगळलेलं होतं, जिना चढताना त्याने ते मुठीत धरून पाय उचलला होता.

त्या उठल्या आणि त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी डावा हात वर करून सलाम केला.

"हे माझे मालक," काकू म्हणाल्या. "सवय अशी होते. तुम्ही हे घर घेऊ नका."

मग स्टोअररूममधून आवाज आला, "बरोबर बोलतेय ती. आणि बाबा, ती खुर्ची माझी आहे. जपून बसा."

म्हाताऱ्याने झालर उचलून पाहिलं. हसता हसता त्याला ठसका लागला, तेव्हा काकूंनी त्याला पाणी दिलं. जाताना त्याने काकांचा धड हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

एजंट मात्र पेटला होता. "तुम्हाला घर विकायचंय की नाही?"

"विकायचंय," काकू म्हणाल्या. "पण आता ह्यांना आत ठेवून नाही. ह्यांना बघून जो घेईल त्याला."

"असा कोण भेटणार?"

"न भेटला तर नशीब."

बोलायला सोपं होतं. त्या रात्री काकांच्या पाठीला काकूंनी दोनदा पावडर लावली. "भ्यालीस?" काकांनी विचारलं. "हो," त्या म्हणाल्या. "मीही," काका म्हणाले, आणि दोघांनाही जरा बरं वाटलं.

महिना सरता सरता एक तरुण जोडपं आलं. खाली कुलूप लावायला जागा मिळाली नाही म्हणून मुलगी सायकल खांद्यावर घेऊनच वर आली होती आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती. काका हॉलमध्ये खिडकीशी, झालरीच्या खुर्चीत बसले होते. घर त्यांनीच दाखवलं, बसल्या जागेवरून: दुपारी कुठली भिंत तापते, कुठली खिडकी वाऱ्याने आपटते, कुठला नळ कुरकुरतो.

"आणि जिना?" मुलीने विचारलं.

"आता तुमच्या खिजगणतीत नसेल," काका म्हणाले. "गुडघे बोलायला लागले की पहिल्या हाकेला घर सोडा. आम्ही ऐकायला उशीर केला."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. "निदान खरं बोलणारं घर आहे," ती म्हणाली. शब्द त्यांनी तिथेच दिला, आणि नर्सबाईंना काकूंनी मुदतीच्या आत निरोप धाडला.

निघायच्या दिवशी डेपोतले तेच चौघं आले, केस पिकलेले. प्रत्येक वळणावर काका ओरडत, "थांबा," आणि मग, "चला, डबल बेल." काकू मागून, पाठीवर पिशव्या घेऊन.

नव्या दारासमोर फुटपाथवर खुर्ची टेकली. काकूंनी एका पिशवीची चेन उघडून काकांचे काळे बूट बाहेर काढले. उजव्या हाताने नाडी बांधता येणार नव्हती, म्हणून दोन्ही बुटांच्या कडेला त्यांनी चेन शिवली होती. कधी शिवली, काकांना कळलं नव्हतं. त्या पायांशी बसून घालायला लागल्या.

"सोड," काका म्हणाले. ते वाकले, आणि डाव्या हाताने त्यांनी चेन ओढली.