वामनचा डबा आणि नागपूरचं ऊन

पुणे स्टेशनवर निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं हे बरं झालं, कारण हमालाशी चाललेला माझा वाद ऐकण्यासारखा नव्हता. गिटार मी त्याच्या डोक्यावर खुशाल ठेवली, पण हातातली लहानशी सुटकेस देईना. त्याला वाटलं आत दागिने असतील. आत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली दोन पेडलं होती. एक वा-वा, म्हणजे पाय वरखाली केला की गिटारला तान्ह्या मुलासारखं रडवणारं. दुसरं फझ, म्हणजे चांगला गोल सूर मुद्दाम फाटका करणारा डबा. वडील म्हणत, बेसूर व्हायला ज्याला यंत्र लागतं तो मुलगा मुळात गुणी असला पाहिजे.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. परदेशी पेडल दुकानात मिळत नसे. हा फझ मी गोव्यात, मायदेशी परत निघालेल्या एका दाढीवाल्या गोऱ्याकडून घेतला होता, माझं घड्याळ आणि रेनकोट देऊन. आमच्या चौघांच्या बँडला नागपूरच्या एका क्लबानं बोलावलं ते या डब्यामुळे. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: 'इंपोर्टेड साउंडसह'.

नागपूरला आणि तेही मे महिन्यात जातोय म्हटल्यावर गाडीतले लोक आमच्याकडे तीर्थयात्रेला निघालेल्या म्हाताऱ्यांकडे पाहावं तसं पाहू लागले. बडनेऱ्यापासून खिडकीचे गज हात लावू देईनात. वर्ध्याला चढलेल्या एका गृहस्थांनी न विचारता माझ्या खिशात कांदा घातला. "असू द्या," ते म्हणाले. "पुण्याचे दिसता."

नागपुरात उतरल्यावर पहिलं काम तर्री पोह्यांचं झालं. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल जाळ (तर्री) ओततात आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की वाढणारा समाधानानं पुढच्या प्लेटकडे वळतो. तिथून सायकलरिक्षांनी सिव्हिल लाइन्समध्ये क्लबावर गेलो. क्लबाचे सेक्रेटरी टाय लावून उभे होते. त्या उन्हात टाय लावणारा माणूस एक तर फार शूर असतो किंवा फार एकटा. त्यांनी आम्हाला हिरवळ दाखवली, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या रांगा कशा हुद्द्याप्रमाणे लावल्या आहेत ते दाखवलं आणि स्टेजवर काहीही 'अशोभनीय' नको असं दोनदा सांगितलं.

अकराच्या सुमारास स्टेजवर आवाज तपासायला घेतला. फझवर पाय दिला आणि गिटार खोकली. पुन्हा दिला, तर घसा बसल्यासारखी एक घरघर आली आणि सूर विझला. बॅटरी बदलली, तारा बदलल्या, पुण्याच्या सगळ्या देवांची नावं घेतली. काही नाही. सेक्रेटरी लांबून पाहत होते.

स्टेजच्या कडेला एक जण माइकच्या वायरी अंथरत होता. तिशीचा, सडपातळ, कानामागे पेन्सिल. माइक आणि भोंगे एका स्थानिक ऑर्केस्ट्रानं भाड्यानं दिले होते, आणि हा त्यांचाच माणूस. वामन त्याचं नाव. तो जवळ आला, डब्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"तुमच्या डब्याले ऊन लागलं, भाऊ," तो म्हणाला. "आतले ट्रान्झिस्टर जुन्या जातीचे असतीन. तापले का बोलत नाहीत. माझ्या डब्याचंबी असंच होते."

त्याचा डबा म्हणजे काय, हे मी विचारलं. मग तो वायरी सोडून बसलाच. तो त्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे, पण मागच्या रांगेत, ॲकॉर्डियनच्या आड. ऑर्केस्ट्राचा सगळा मान 'हुबेहूब' या एका शब्दावर चालतो. गाणं रेकॉर्डसारखंच वाजलं पाहिजे, गायकाचा खोकलासुद्धा. मालकानं त्याला सांगून ठेवलं होतं, की फाटक्या गिटारचा आवाज हुबेहूब काढून दाखव, शारदोत्सवात तुला पुढे उभा करतो. म्हणून वामननं आठ महिने खपून स्वतःच फझ बनवला. समोर नमुना कुठला? घरच्या रेडिओवर, शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशन लावून जे कानी पडलं तेवढाच. तो बरोबर झाला की नाही, हे सांगणारा नागपुरात कोणी नव्हता. खरा फझ त्यानं आज पहिल्यांदा पाहिला होता, आणि तो मुका झाला होता.

"घरी चला," तो म्हणाला. "त्याले गार करतो. मंग दोन्ही वाजवून पाहू."

रिक्षातून आम्ही दोघं जुन्या नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत गेलो. अर्ध्या घरांतले माग बंद झालेले होते, तरी एखाद्या दारातून खटखट ऐकू येत होती. वामनचे वडील अजून विणत. त्यांचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर होता. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या (पायानं दाबायच्या पट्ट्या) हलवतो. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून ते खोलीत पाणी शिंपडत आणि खड्डा कायम ओलसर ठेवत. सबंध नागपुरात त्या दुपारी मला भेटलेली ती पहिली थंड जागा. वामननं माझा फझ प्लास्टिकमध्ये बांधून बापाच्या पायाशी ठेवला. तिथे त्याचा स्वतःचा डबा, ॲल्युमिनियमचा, जेवणाच्या डब्यापासून केलेला, आधीच विसावला होता.

म्हाताऱ्यानं विणणं न थांबवता विचारलं, "काहून गा, हा पाहुण्याचा का?"

"हो बा. फॉरेनचा हाये."

"फॉरेनचा असून ऊन सोसत नाही?" म्हातारा म्हणाला आणि धोटा फेकला.

डबा निवेपर्यंत जेवण झालं. पाटवडीचा रस्सा होता, सावजी पद्धतीचा. भिवापुरी मिरचीबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकं काही गोष्टी सौम्य करून सांगतात. वामनच्या आईनं माझा चेहरा पाहून ताक पुढे केलं आणि सुनेला म्हणाली, "पाहून काय राहिली वं, गूळ आण त्याहिले."

दोन तासांनी आम्ही जुन्या रेडिओचा केलेला ॲम्प्लिफायर लावला. आधी माझा फझ वाजवला. तो ठणठणीत झाला होता. भरीव, जाड, एका जागी ठाम उभा असलेला आवाज. वामननं डोळे मिटून ऐकलं. मग गिटार घेऊन स्वतःचा डबा लावला.

त्याचा सूरही फाटलेला होता, पण उभा नव्हता. तो येई, भरून जवळ येई, मग कोणी दार लोटावं तसा दूर जाई, अगदी बारीक होई आणि परत येईल की नाही असं वाटत असताना परत येई. प्रत्येक वेळी वेगळ्या चालीनं. मला काही क्षण कळेना. मग कळलं. शॉर्टवेव्हवर दूरचं स्टेशन असंच येतं-जातं. वामनला वाटलं होतं ते जाणं-येणं गिटारचंच. हुबेहूब करायचं म्हणून त्यानं त्यासाठी दोन वेगळ्या गतींची सर्किटं जोडून रेडिओचं अंतरसुद्धा डब्यात बसवलं होतं.

त्यालाही कळलं होतं. त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"म्हणजे मी रेडिओच बनवला," तो म्हणाला.

मी म्हणालो, "छान आहे रे." पुण्यात 'छान आहे' हे आपण शेजाऱ्यांच्या पडद्यांना म्हणतो, तसंच माझ्या तोंडून आलं असणार. त्यानं मान हलवली. मी म्हणालो, आज संध्याकाळी मी हा स्टेजवर वाजवतो. त्याला ती दया वाटली, हे मला दिसलं, पण पाहुण्याला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

डबे गार कसे ठेवायचे हा प्रश्न म्हाताऱ्यानं सोडवला. घमेल्यात ओली वाळू भरायची, वर प्लास्टिक, वर डबे. संध्याकाळी ते घमेलं स्टेजवर माझ्या पायाशी आलं तेव्हा सेक्रेटरींचा टाय प्रथमच सैल झाला. बांधकामाची वस्तू समोर ठेवणं अशोभनीय आहे, म्हणाले. मी सांगितलं की इंपोर्टेड साउंड वाळूवरच चालतो, परदेशात हीच पद्धत आहे. 'परदेशात' हा शब्द त्यांना पटला. त्यांनी घमेल्याभोवती झेंडूची माळ घालायला लावली.

माझ्या फझवर आम्ही नाचाच्या चार धुना वाजवल्या. टाळ्या पडल्या, हुद्द्याप्रमाणे पडल्या. वामन वाळूवर पाणी शिंपडत शेजारी उकिडवा बसला होता. मग एक संथ धून मी त्याच्या डब्यावर घेतली. सूर हिरवळीवरून दूर गेला, थांबला, परत आला. ग्लासांचे आवाज बंद झाले. वाढपी ट्रे धरून उभे राहिले. मला त्या दिवशी पहिल्यांदाच आपण नेमकं काय वाजवतो आहोत याची भीती वाटली, आणि ती आवडली.

कार्यक्रम संपल्यावर कामठीच्या छावणीतले एक निवृत्त अधिकारी स्टेजपाशी आले. त्यांनी वाकून घमेल्यातले डबे पाहिले. मग हिंदीत म्हणाले, की बर्फातल्या चौकीवर रात्रपाळीला ते रेडिओ लावून बसत, गाणं अर्ध्यात नाहीसं होई. "वही आवाज़ है," ते म्हणाले. "बिलकुल रेडिओ."

ही मला मिळालेली आजवरची सर्वांत मोठी दाद. मी वळून वामनकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता, आणि वायरीकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनवर आला तेव्हा खूश होता. संत्र्याची बर्फी आणली होती. पहाटे उठून डबा उघडला, म्हणाला, आणि दोन वायरी तोडल्या.

"जाणं-येणं बंद. आता सेम टू सेम तुमच्यासारखा. मालकानं ऐकला. शारदोत्सवात समोर उभा करतो म्हणे."

मी विचारलं, त्या वायरी पुन्हा जोडता येतील का.

"काहून जोडू, भाऊ? चूक होती ना ते." तो हसला. "साहेबबी म्हणाले ना, बिलकुल रेडिओ."

मी त्याचा हात धरून अभिनंदन केलं, आणि ते खरं होतं. आठ महिने डब्यासाठी खपलेल्या मागच्या रांगेतल्या माणसाला पुढची जागा मिळाली होती. गाडी हलली.

पुण्यात लोकांनी नागपूर कसं आहे विचारलं. मी उन्हाबद्दल सांगितलं, मिरचीबद्दल सांगितलं. पुढे बरीच पेडलं घेतली. दोन इंजिनियर मित्रांकडून तो येणारा-जाणारा आवाज करून घ्यायचा प्रयत्नही केला. त्यांनी कागदावर आकृत्या काढून डबे केले. त्यांचे सूर घड्याळाच्या ठोक्यासारखे जात आणि वेळेवर परत येत. वामनच्या सुराची तशी खात्री नसे.

कधी कधी वाटतं, त्या दुपारी मागाच्या खड्ड्याशी बसून 'छान आहे' म्हणण्याऐवजी मी म्हणायला हवं होतं, 'हा दे, माझा घे.' त्यानं दिला नसता. पण मी माझा द्यायला तयार आहे हे ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे त्या वायरींवर कात्री ठेवल्यावर तो थोडा तरी थांबला असता.