नाना शिबिराला येतात

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या धुंडाळल्या, तरी आमच्या नानांइतका म्हातारा तरुण सापडायचा नाही. आमच्या चर्चच्या तरुण संघात पस्तिशीपर्यंत राहता येतं, असा नियम आहे. नाना संघात आले ते मिसरूड फुटायच्या वयात, आणि नंतर बाहेर पडायचं राहूनच गेलं. दरम्यान त्यांचं लग्न झालं, मुली सासरी गेल्या, पाइपच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, डोक्यावर मोजके केस उरले. पण मे महिना लागला आणि उन्हाळी शिबिराची यादी फिरू लागली, की पहिलं नाव त्यांचंच. एका नव्या सेक्रेटरीने भीतभीत विचारलं होतं, "नाना, वयाच्या रकान्यात काय लिहू?" नाना म्हणाले, "लिही, चालू आहे."

पिंप्राळ्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर. सगळी हयात कारखान्यात गेल्यामुळे जगातली कुठलीही अडचण पाइपने सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ती बायबलवरच्या श्रद्धेच्या फार खाली नव्हती. शिबिरातले व्हॉलीबॉलचे खांब पाइपचे, मच्छरदाण्यांचे सांगाडे पाइपचे, पाळकसाहेबांचं भाषण ठेवायचं स्टँडही पाइपचं. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत बायबल, करवतीचं पातं, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि पाइप वळवायचे दहा-बारा एल्बो एकत्र नांदत. कोणाच्याही घरी गेले तरी आधी नळ बघायचे. भडगावला आमच्या ओळखीचे एक मास्तर वारले, तेव्हा आम्ही सांत्वनाला गेलो होतो. बाहेर गीत चाललेलं, पाळकसाहेब वचन वाचताहेत, आणि नाना गायब. शोधायला गेले तर हे मोरीत उकिडवे बसून ठिबकणाऱ्या नळाचं वायसर बदलताहेत. मला शरमेने मेल्यासारखं झालं. पण महिन्याभराने मास्तरांची बायको भेटली, तेव्हा म्हणाली, "सगळे बोलून गेले बाई, त्यातलं काही आठवत नाही. त्या नळाचा आवाज मात्र बंद झाला. तेव्हा कुठे झोप लागली."

बोलण्याचं मात्र त्यांना वावडं. मंडळीत एवढी वर्षं काढून त्यांनी कधी चारचौघांत प्रार्थना चालवली नव्हती. "नाना, आज तुम्ही," असं पाळकसाहेबांनी म्हणायचा अवकाश, की त्यांना टाकी भरून वाहत असल्याची आठवण व्हायची. एकदा जेवणाच्या पंगतीत ते कोंडीत सापडले. शेवभाजीची पातेली समोर वाफाळत होती, पन्नास पोरं डोळे मिटून बसली होती. नानांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "प्रभू, जेवण गरम आहे. आमेन." पोरांनी इतकी मनापासून म्हटलेली 'आमेन' त्या शिबिरात दुसरी ऐकू आली नाही. पाळकसाहेबांनी नंतर थोडं समजावलं, तर नाना खाली बघत आपल्या अहिराणीत म्हणाले, "माले बोलता नई येस. देवले समजस."

मी एकोणीस वर्षांची होते, त्या वर्षीचं शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा गावात, तिथल्या शाळेत होतं. सकाळी शास्त्राभ्यास, दुपारी गावातल्या मुलांना गाणी-गोष्टी आणि पाचव्या दिवशी सगळ्या गावासमोर नाटक. नाटक मी लिहिलं होतं. दोन महिने मी त्यात इतकी बुडाले होते, की बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या बापाचे संवाद घरी भाकऱ्या थापतानाही म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोरचा हापसा कोरडा पडला. पन्नास जणांच्या आंघोळी, पन्नास जणांचे कपडे. एकेकीने तर केस धुवायला तीन-तीन बादल्या घेतल्या होत्या, त्यात मीही होते. गावाला जवळचं पाणी तेवढंच, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. हापशाच्या ओट्यावर एक म्हातारी रिकामी घागर घेऊन बसली होती. आमच्याकडे तिने रागाने पाहिलं नाही. तासभर बसली, मग घागर उचलून नदीच्या पात्रातल्या झिऱ्याकडे चालू लागली. तो अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.

पाळकसाहेब म्हणाले, शिबिर आवरून परत जाऊ या. मला आधी नाटक आठवलं. नाना तोवर गावातल्या एका आबांना घेऊन डोंगराकडे निघून गेले होते. दुपारी घामाने निथळत आले आणि म्हणाले, वरच्या नाल्यात बारमाही झरा आहे, उतार चांगला आहे, मोटरसुद्धा लागायची नाही. मग चिंचेखालच्या टेकाडावर जिथे मोबाइलला रेंज येते, तिथे उभं राहून त्यांनी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना फोन लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून टेम्पो आला. त्यात काठोकाठ पाइपचे तुकडे भरले होते. लांब, आखूड, पांढरे, करडे, जे कारखान्यात उरलं होतं ते सगळं.

"आता सगळी पोरं माझ्याकडे," नाना म्हणाले.

माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "नाना, आपण इथे सुवार्ता सांगायला आलोय. नळ बसवायला नाही. माझं नाटक कधी बसणार?"

त्यांनी पाइपवरून मान वर केली. माझ्यावर ते कधी रागावले नव्हते, तेव्हाही रागावले नाहीत. "पोरी, ती माय आज काय पिई?" एवढंच विचारलं आणि पुन्हा करवत चालवू लागले.

मी तासभर खोलीत रडत बसले. मग चेहरा पुसून बाहेर आले. नानांनी माझ्या हातात सोल्युशनचा डबा दिला. पुढचे अडीच दिवस आम्ही चर खणले, पाइप जोडले, हाताला फोड आणले. गावातले बाप्ये कुदळी घेऊन आले, पोरं पाइपच्या एका टोकातून ओरडायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायची.

पाचव्या दिवशी नाटकाच्या वेळेला सगळं गाव नळापाशी जमलं. वर झऱ्यावर पाणी सोडलं, नाना खाली तोटीपाशी उभे राहिले. तोटीतून फुस्स आवाज आला आणि थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आमची पोरं एकमेकांकडे बघेनाशी झाली. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "नाना, प्रार्थना करू या का?"

"तुम्ही करा, मी हवा काढतो," म्हणत नाना चढणीला लागले. पाइपला ठिकठिकाणी कान लावत, बोटाने ठोकत ते एका उंचवट्यापाशी थांबले, गुडघ्यावर बसले आणि तिथला जोड त्यांनी सैल केला. लांबून बघताना माणूस प्रार्थनाच करतोय असं वाटत होतं. थोड्या वेळाने पाइपच्या पोटात गुरगुर झाली, तोटी दोनदा खोकली आणि गढूळ पाण्याची धार लागली.

"उनं, पानी उनं," नाना वरून म्हणाले.

पाणी निवळल्यावर पहिली घागर त्या म्हातारीने लावली. ती भरली, पण तिने डोक्यावर घेतली नाही. नाना उतरून येईपर्यंत थांबली आणि त्यांच्या चिखलाच्या हातांवर तिने पाणी घातलं. नाना हात पुढे करून लहान मुलासारखे उभे राहिले. त्या शिबिरात नाटक झालं नाही, आणि परतीच्या बसमध्ये कोणी त्याचा विषयही काढला नाही.

यंदाच्या मे महिन्यात मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम त्या गावाला जाऊन आले. आता तिथे घरोघरी सरकारी नळ आलेत. आमची पाइपलाइन पावसाने उघडी पडून उन्हाने तडकली आहे, काही तुकडे कुंपणाला लागलेत, काही गुरांच्या पायाखाली गेलेत. हे नानांना कसं सांगावं, याचा विचार करतच मी पिंप्राळ्याला गेले. ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तीन वर्षं शिबिर बंद आहे. सगळं ऐकून ते प्रसन्न हसले. "म्हणजे आता लागत नाही. चांगलं झालं."

मग रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "ती माय?"

"चार वर्षं झाली तिला जाऊन."

नानांनी मान हलवली. "तिचं नाव काय होतं गं? पाच दिवस राहिलो आपण. मी विचारलंच नाही."

आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. या खेपेला मात्र मी तिच्या सुनेला विचारून घेतलं होतं. "नुरीबाई," मी सांगितलं.

"नुरीबाई," नाना म्हणाले. थोड्या वेळाने, मी ऐकतेय हे विसरून, आणखी एकदा म्हणाले.