यंत्रात आत्याचा खो

डोळा लागू द्यायचा नाही, असं रेवती स्वतःला बजावते आणि तिथंच फसते. मिरजेच्या स्कॅन सेंटरातलं यंत्र खडखडतंय, डोकं पिंजऱ्यात अडकवलंय, आणि भर दुपारी पापण्या काही ऐकत नाहीत. दीड महिन्यापूर्वी खो-खोच्या सामन्यात तिचं कपाळ खांबावर आदळलं. साधा सीटी स्कॅन स्वच्छ आला. मग काय, घरात जो तो डॉक्टर! "फोटोत काही नाही, म्हणजे डोक्यात काही नाही. सोंगं पुरे," इति बाबा. पण पुस्तक उघडलं की अक्षरं नाचतात, डोकं ठणकतं. म्हणून आज मेंदूतले बारीक तंतू दाखवणारा एमआरआय. "दिसेलच असं नाही हं," डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

"केवढं गं खडखडतंय हे!" शेजारी नलूआत्या. जाऊन चार वर्षं झाली, तरी वेणी अजून सामन्याला निघाल्यासारखी घट्ट. दोघी मैदानात शेजारशेजारच्या चौकोनांत उकिडव्या बसल्यात, आणि खांबाला घरातला फ्रिज टेकलाय.

"यात काय दिसतं?" आत्या विचारते.

"तंतू. कुठं ताणले, कुठं तुटले."

"अगंबाई! माझ्या वेळी का नव्हतं?"

आत्याचंही डोकं असंच खांबावर आपटलं होतं. पुढं सतरा वर्षं ती जेवताना कपाळ दाबत बसायची. छोटी रेवती तिची हुबेहूब नक्कल करायची आणि घर खो-खो हसायचं, बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

"आत्या, तेव्हा खरंच दुखायचं?"

"दुखायचं तर! नक्कल मात्र झकास करायचीस हो."

रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "आणि आता? तिकडं दुखतं का गं?"

"बसलीस काय?" आत्या कधी मागं आली कोण जाणे. पाठीवर थाप पडते. "खो!"

खो मिळाल्यावर कोण बसून राहील? रेवती उसळते.

"अहो, हललात!" टेक्निशियन बाई धावत येतात. "गेला ना तो फोटो! पुन्हा काढावा लागणार."

पुन्हा काढतात. बिघडलेला मात्र पडद्यावर तसाच आहे: एका कवटीला चिकटून दुसरीची पुसट कड. माणूस हललं की असं दुहेरी उमटतं, बाई सांगतात.

"पुसू नका," रेवती म्हणते. "तेवढा मला छापून द्या."

बाहेर बाकावर बाबा. "काय निघालं?"

"माझं परवा कळेल. हे आत्याचं." आणि रेवती त्यांना सगळं सांगते, अगदी पाठीवरच्या 'खो'सकट.

बाबा हसतील असं तिला वाटतं. ते कागद उजेडाकडं धरतात, दुसऱ्या कडेवरून बोट फिरवतात.

"नलू साधी डोक्याची गोळी मागायची," ते म्हणतात. "मी एकदाही आणून दिली नाही गं."